बेकायदा ब्रीडर आणि शेल्टरमधली हेळसांड : तक्रार कुठे करायची, कागद कोणते लागतात, कायदा बदलण्यासाठी अर्ज कसा द्यायचा

आमच्याकडे आलेल्या त्या लॅब्राडोर कुत्रीला सपाट फरशीवर नीट चालता येत नव्हतं. तारेच्या जाळीवर उभी राहून राहून तिचे पंजे फाकले होते, नखं गोल वळून मांसात रुतली होती आणि सड पार ओघळले होते. डॉक्टरांनी दात पाहून वय पाचच्या आसपास सांगितलं. वेतं किती झाली असतील, ते मात्र त्यांना सांगता येईना. आता ती व्यायच्या उपयोगाची उरली नाही म्हणून कुणीतरी तिला बायपासच्या पुलाखाली बांधून सोडून गेलं होतं.

सोडणारा कोण हे शोधायला आम्हाला दोन महिने लागले आणि कागद जमवून तक्रार लिहीपर्यंत तिसराही उलटला. ठाण्यातल्या हवालदारांनी प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, 1960 मधलं कलम 36 समोर ठेवलं. गुन्हा घडल्यापासून 3 महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही, तर तो दाखल करता येत नाही. आमचं प्रकरण तिथेच संपलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळी प्रक्रिया क्रमाने लिहितो आहे.

नियम आहेत, आणि ते स्पष्ट आहेत

कुत्र्यांच्या पैदाशीवर आपल्याकडे कायदाच नाही, असं अनेक जण समजतात. ते खरं नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2015 मध्ये आपल्या 261व्या अहवालात पेट शॉप आणि श्वानपैदास यांवर नियंत्रण आणण्याची शिफारस केली. त्यानंतर 23 मे 2017 रोजी केंद्राने श्वान प्रजनन व विक्रीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कुणालाही पैदाशीचा धंदा करता येत नाही. नोंदणी शुल्क 5,000 रुपये, मुदत 2 वर्षं. ही नोंदणी दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही आणि प्रमाणपत्र जागेवर दिसेल असं लावावं लागतं.

मादी 18 महिन्यांची होण्याआधी तिची वेतं घेता येत नाहीत. वर्षात एकच वेत, आणि आयुष्यभरात पाचांपेक्षा जास्त नाहीत. विकलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप आणि लसीकरण हवं, त्याची नोंद ठेवायला हवी. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

या शेवटच्या नियमाकडे नीट पाहा. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींत "45 दिवसांची पिल्लं, होम डिलिव्हरी" असं सर्रास लिहिलेलं असतं. 8 आठवडे म्हणजे 56 दिवस. म्हणजे ती जाहिरात हाच पुरावा आहे, आणि तो विकणाऱ्यानेच स्वतःच्या फोन नंबरासह लिहून दिलेला आहे. दिसली की लगेच स्क्रीनशॉट काढा. तारीख, खात्याचं नाव आणि लिंक त्यात दिसली पाहिजे.

पेट शॉपसाठी वेगळे नियम 2018 साली आले. तिथेही राज्य मंडळाची नोंदणी लागते, शुल्क 5,000 रुपये आणि मुदत 5 वर्षं. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या ब्रीडरने आणि दुकानदाराने ती जरूर करून घ्यावी. माहिती जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्तांच्या कार्यालयात मिळते.

तक्रार कोण करू शकतं?

कोणीही. तुम्ही प्राण्याचे मालक असायला हवं असं नाही, कोणत्या संस्थेचं ओळखपत्रही लागत नाही. शेजारी, भाडेकरू, पिल्लू विकत घेतलेला ग्राहक, शेल्टरमध्ये सेवा द्यायला जाणारा विद्यार्थी, यांतला कुणीही अर्ज देऊ शकतो. निनावी अर्जाला मात्र फारसं वजन राहत नाही, म्हणून नाव, पत्ता आणि सही द्या. भीती वाटत असेल तर तीन-चार जणांनी मिळून सही करा.

ज्यांनी पिल्लू विकत घेतलं आणि ते आठवड्याभरात पार्व्होने (कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराने) गेलं, त्यांच्यासाठी आणखी एक दार उघडं आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र पैसे दिल्याचा पुरावा हवा. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, लसीचं कार्ड, सगळं जपून ठेवा. रोखीने दिले असतील तर विकणाऱ्याला मेसेज करून रक्कम त्याच्याकडूनच लेखी कबूल करून घ्या.

कागद

सर्वात आधी घटनाक्रम, एका पानात, तारखांसह. कधी पाहिलं, कुठून पाहिलं, किती प्राणी होते, कोणत्या स्थितीत होते. "अतिशय क्रूर" वगैरे विशेषणं टाळा आणि दिसलं ते लिहा: "3 फूट बाय 2 फूट पिंजऱ्यात 2 माद्या, पाण्याचं भांडं कोरडं, खाली जुनी विष्ठा." अधिकाऱ्याला पुढे पंचनामा करायचा असतो, त्याला मोजता येणाऱ्या गोष्टी उपयोगी पडतात.

फोटो आणि व्हिडिओ ज्या फोनवर काढले तो फोन आणि मूळ फाइल सांभाळा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीत मूळ तपशील उरत नाहीत. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते देणाऱ्याला ही फाइल कुठल्या उपकरणातून आली ते सांगावं लागतं. दुसऱ्याच्या जागेत कुलूप तोडून किंवा भिंत चढून चित्रीकरण करू नका, त्याने तुमचीच तक्रार अडकते.

प्राणी तुमच्या हाती आला असेल तर नोंदणीकृत पशुवैद्यकाचा लेखी अहवाल त्याच दिवशी घ्या. वजन, जखमा, नखांची आणि सडांची स्थिती, वयाचा अंदाज, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आमच्या प्रकरणात डॉक्टरांनी सगळं तोंडी सांगितलं आणि आम्ही ऐकून घेतलं. तो कागद आमच्याकडे असायला हवा होता.

अर्ज कुठे द्यायचा

एकाच वेळी तीन ठिकाणी द्या.

पहिलं ठिकाण जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती. 2001 च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात ती असणं बंधनकारक केलं आहे. आपल्याकडे जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि काम पशुसंवर्धन खात्यामार्फत चालतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्तांना द्या. दुसरं ठिकाण राज्य प्राणी कल्याण मंडळ, कारण नोंदणी देणं, तपासणी करणं आणि नोंदणी रद्द करणं त्यांच्या हातात आहे. त्यांच्या नावाचा अर्ज पुण्याला औंधमधल्या पशुसंवर्धन आयुक्तालयाच्या पत्त्यावर पाठवा. प्रत हरियाणातल्या बल्लभगड इथल्या भारतीय पशु कल्याण मंडळालाही टपालाने पाठवता येते. तिसरं ठिकाण पोलीस ठाणं.

पोलिसांकडे जाताना एक गोष्ट माहीत असलेली बरी. उपाशी ठेवणं, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं, प्राणी सोडून देणं हे 1960 च्या कायद्यातल्या कलम 11 खालचे गुन्हे आहेत, पण त्यांतले बहुतेक अदखलपात्र आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 प्रमाणे ठाण्यात त्याची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यामुळे "गुन्हा दाखल करत नाहीत" म्हणून वाद घालत बसू नका. एनसीची प्रत घ्या आणि वकिलामार्फत तपासाच्या आदेशासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. प्राण्याला ठार मारलं, विष दिलं किंवा कायमचं जायबंदी केलं असेल, तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं. तो दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा 5 वर्षांपर्यंत. तिथे एफआयआरचाच आग्रह धरा.

अर्जाचा मजकूर साधा ठेवा:

"विषय : विनानोंदणी श्वानपैदास व प्राण्यांची हेळसांड याबाबत. महोदय, दिनांक ___ रोजी ___ येथे मी स्वतः पुढील गोष्टी पाहिल्या. सदर ठिकाणी 2017 च्या नियमांप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र लावलेले आढळले नाही. कृपया जागेची तपासणी करावी, प्राण्यांची पशुवैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि केलेल्या कारवाईची माहिती मला लेखी द्यावी. सोबत : घटनाक्रम, छायाचित्रे, जाहिरातीची प्रत."

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, साहेब बघतील" असं म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. नाहीच दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार नोंदवून तो क्रमांकही जपून ठेवा.

अर्जासोबत माहितीचा अधिकारही वापरा. जोडपत्र 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. विचारा: "जिल्ह्यात आजपर्यंत किती ब्रीडर व पेट शॉप नोंदणीकृत आहेत, त्यांची यादी आणि गेल्या 3 वर्षांत झालेल्या तपासण्यांचे अहवाल." उत्तर 30 दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील 20 रुपयांच्या स्टॅम्पवर. पण त्या उत्तराची वाट पाहत मूळ तक्रार थांबवू नका. कलम 36 चे ते तीन महिने तिकडे मोजले जात असतात.

शेल्टरबद्दल तक्रार असेल तर

हे जास्त अवघड असतं, कारण समोरची माणसं अनेकदा आपल्यातलीच असतात. एखाद्या बाईने दहा कुत्री सांभाळायला सुरुवात केली, लोकांनी आणखी ऐंशी आणून सोडली आणि देणग्या आटल्या, असं बऱ्याच ठिकाणी घडलेलं असतं. म्हणून आधी संस्थेला लेखी विचारा. काय कमी पडतंय ते कळलं तर काही वेळा मदतीनेच प्रश्न सुटतो. पण देणग्या येत असताना प्राणी खरजेने सडत असतील, मेलेल्यांची नोंद नसेल आणि आत कुणाला जाऊ देत नसतील, तर तक्रार करायलाच हवी.

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात जा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 37 खाली ते तपासणी करू शकतात आणि कलम 41ड खाली विश्वस्तांना निलंबित किंवा दूर करू शकतात. तिथे तुमचं देणगीचं पावतीपुस्तकातलं पान, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि जमाखर्चाच्या प्रती कामाला येतात. नसबंदी केंद्र महापालिकेचं असेल, तर 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक देखरेख समिती असते, तिच्याकडे अर्ज द्या. 7 नोव्हेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री शेल्टरमध्ये हलवायची आहेत. जी शेल्टरं आजच तुडुंब भरलेली आहेत, त्यांची पाहणी आता महिन्यामहिन्याला व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कायदा बदलण्यासाठी

एवढं सगळं करून दोष सिद्ध झाला तरी शिक्षा काय? कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. 3 वर्षांच्या आत दुसरा गुन्हा झाला तर 25 ते 100 रुपये, किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद. 2017 च्या नियमांचा भंग केला तर कमाल दंड 100 रुपये. ज्या नोंदणीला 5,000 रुपये लागतात, ती न केल्याचा दंड 100. या कमाल रकमा अनेक दशकं बदललेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 च्या नागराज निकालात (जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवरच्या) या शिक्षा अपुऱ्या असल्याचं म्हटलं. केंद्राने नोव्हेंबर 2022 मध्ये दुरुस्तीचा मसुदा काढून लोकांच्या सूचनाही मागवल्या. त्याचा कायदा अजून झालेला नाही.

दिल्लीची वाट पाहण्याचीही गरज नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्य राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करू शकतं. महाराष्ट्राने ती केलेली आहे. 2017 साली बैलगाडा शर्यतींसाठी याच 1960 च्या कायद्यात दुरुस्ती झाली, तीत अटी मोडणाऱ्याला 5 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. गावोगावचे शेतकरी आणि बैलगाडा मालक वर्षानुवर्षं आमदारांच्या दारात बसले, म्हणून ते झालं. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी तशीच दुरुस्ती मागता येते.

मागायची ती आपल्या आमदारामार्फत, विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे. लोकसभेकडे जायचं तर याचिका हिंदी किंवा इंग्रजीत हवी, मराठीत असेल तर भाषांतर जोडा. खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. सही करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा, आणि पहिली सही याचिकेचा मजकूर असलेल्या पानावरच पाहिजे. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, फोटो जोडायचे नाहीत. जे सांगायचं ते मजकुरातच सांगा, आणि मागणी एका वाक्यात लिहा: दंड किती, कैद किती, विनानोंदणी पैदास दखलपात्र करावी की नाही.

आमदारांना भेटाल तेव्हा माहिती अधिकारातलं उत्तर आणि पोच घेतलेल्या अर्जांच्या प्रती सोबत न्या. त्या कागदावरून तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) तयार होतो. अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावर जाण्यापेक्षा महिना-दीड महिना आधी जा, कारण प्रश्न देण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या बरीच आधी संपते. शनिवारी सकाळी आमदार मतदारसंघात असण्याची शक्यता जास्त, तेव्हा त्यांच्या स्वीय सहायकाकडून वेळ घेऊन ठेवा, आणि जमलं तर त्या शेजाऱ्यालाही बरोबर न्या ज्याने रात्री-अपरात्री त्या शेडमधलं विव्हळणं ऐकलं आहे.