अणुकचऱ्याची भूगर्भीय विल्हेवाट : प्रशिक्षण आणि कोकणचा खडक

उच्च पातळीचा किरणोत्सारी कचरा काही शे मीटर खोलीवरील स्थिर खडकात कायमचा बंदिस्त करण्याची पद्धत. प्लुटोनियम-२३९ या किरणोत्सारी मूलद्रव्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ) सुमारे २४,१०० वर्षे असल्याने राखणदारीवर विसंबून भागत नाही. भिस्त खडकावरच ठेवावी लागते.

या विषयाचे शिक्षण वर्गात पुरे होत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००१ च्या सुमारास भूगर्भीय प्रयोगशाळांचे प्रशिक्षण-जाळे उभारले. स्वित्झर्लंडमधील ग्रिमझेल (ग्रॅनाइट, १९८४) व माँ तेरी (चिकणखडक, १९९६) येथील बोगद्यांत प्रत्यक्ष प्रयोग चालतात. ग्रिमझेलला कचऱ्याच्या उष्णतेची नक्कल म्हणून बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीच्या ठोकळ्यांत दोन तापक (उष्णता देणारी उपकरणे) बसवून १९९७ पासून सुमारे १०० अंश से. तापमान राखले होते. एक तापक २००२ मध्ये, दुसरा २०१५ मध्ये खोदून काढला. तापकालगतची माती तुलनेने कोरडी, तर खडकाकडची पाणी शोषून फुगलेली आढळली. खडकातून पाणी किती सावकाश झिरपते, हे शिकणाऱ्याला यातून उमगते. भारतात १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे १,००० मी. खोलीवर तापकाचा प्रयोग झाला.

कोकणात मात्र खडक निराळा. उत्तर व मध्य कोकणात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट, त्यावर बऱ्याच ठिकाणी जांभ्याचे सडे. किनारी जांभा बहुधा तृतीयक कल्पाच्या (सुमारे ६.६ कोटी ते २६ लाख वर्षांपूर्वीचा काळ) उत्तरार्धातला असावा. तो जागच्या जागी तयार झाला की वरून वाहून आलेल्या मालातून, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही प्रकार आढळत असल्याने एकच उगम मानणे धाडसाचे वाटते. विल्हेवाटीच्या दृष्टीने जांभ्याचे महत्त्व मर्यादित, कारण तो सच्छिद्र व उथळ आहे.

खरा वाद बेसॉल्टचा. लाव्हाप्रवाहाचा घट्ट गाभा पाणी फारसे जाऊ देत नाही आणि त्यातील लोहयुक्त खनिजे काही किरणोत्सारी मूलद्रव्ये अडवू शकतात, असे समर्थक म्हणतात. अमेरिकेत हॅनफर्ड येथे बेसॉल्टची चाचपणी झाली. १९८७ च्या कायद्याने ती थांबली. विरोधी बाजूचे मुद्दे अधिक वजनदार वाटतात : प्रवाहांचे जाळीदार माथे, दोन प्रवाहांमधले तांबडे थर, उभ्या भेगा व भित्ती (भेगांत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती) यांतून पाण्याला वाट मिळू शकते. वज्रेश्वरीपासून तुरळ, राजवाडी, राजापूरपर्यंतची गरम पाण्याची कुंडे तर डोळ्यांसमोर आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते व तापून वर येते, हे स्पष्टीकरण सर्वांत पटणारे आहे. पाण्याच्या अशा वाटा असलेल्या भूभागाचा विचार फार सावधपणे करावा लागतो. शिवाय सह्याद्रीलगत कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आहेच. दक्षिण सिंधुदुर्गात मात्र खडक वेगळा : तेथे बेसॉल्टखालचे प्राचीन पट्टिताश्म (नाइस, पट्टेदार रूपांतरित खडक) उघडे पडतात.

पोफळीचे भूमिगत वीजगृह व करबुड्याचा ६.५ किमी. रेल्वे बोगदा यांमुळे कोकणात जमिनीखालच्या बांधकामाचा अनुभव आहे, परंतु तो कचऱ्याच्या दीर्घकालीन अलगीकरणाचा नव्हे.

साठवण आणि विल्हेवाट यांत गल्लत होऊ नये. तारापूरला काचेत बद्ध केलेला कचरा हवेच्या नैसर्गिक झोताने थंड होणाऱ्या कोठारात देखरेखीखाली ठेवतात. ती तात्पुरती साठवण होय. माडबन परिसरातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या (नियोजित क्षमता ९,९०० मेगावॉट) चर्चेत हा फरक वारंवार हरवतो, हे गंभीर आहे. तेथील ग्रामस्थांना तो स्पष्टपणे समजावून सांगणे हा तज्ज्ञांच्या प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. भारतात उच्च पातळीच्या कचऱ्यासाठी भूगर्भीय भांडार अद्याप कार्यान्वित नाही.