ट्यूबमधला जलरंग वाळला म्हणजे वाया गेला?

‘ट्यूबमधला जलरंग एकदा कडक झाला की फेकून द्या,’ हा सल्ला चित्रकला शिकू लागलेल्या जवळपास प्रत्येकाला मिळतो. ट्यूब दगडासारखी लागते, त्यामुळे तो पटतोही. पण जलरंगात रंगाची भुकटी धरून ठेवतो तो डिंक, बाभळीच्या जातकुळीतल्या झाडांचा. हा डिंक वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. डबीतल्या रंगाच्या वड्या म्हणजे तरी दुसरं काय? वाळलेला जलरंगच!

खात्री घरीच करा. ट्यूब कात्रीने उभी चिरा, आतला खडा पॅलेटच्या खळग्यात ठेवा, वर पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा. दहा-पंधरा मिनिटांनी ओला ब्रश हलकेच फिरवा. आधी नुसतं फिकट पाणी येईल, मग ब्रशच्या टोकाला दाट रंग चढू लागेल. घाईने खरवडू नका, ब्रशच खराब होईल.

अ‍ॅक्रिलिकचं मात्र असं नाही. त्यातलं प्लास्टिकसारखं माध्यम वाळलं की पाण्याला दाद देत नाही. बहुधा त्याचाच नियम जलरंगाला चिकटला असावा. आणि हो, खड्यावर बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर तो खुशाल टाका.