शेतमालाचा पुरवठा-प्रतिसाद

भाव, उत्पादनखर्च किंवा अनुदान बदलले की शेतकऱ्याचा पेरा आणि बाजारात येणारा माल जसा बदलतो, त्याला पुरवठा-प्रतिसाद म्हणतात. कारखाना जादा पाळी लावू शकतो. शेताला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते. त्यामुळे बाजारात आज उतरणारा माल बहुधा गेल्या वर्षीचा भाव पाहून पेरलेला असतो. यातून येणाऱ्या तेजी-मंदीच्या फेऱ्यांचे विवेचन ‘कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत’ (कॉबवेब थिअरम) या नावाने ओळखले जाते. हे नाव अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९३४ साली दिले.

तुरीचे उदाहरण बोलके आहे. लागोपाठच्या दुष्काळांनंतर २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. पुढच्या खरिपात पेरा वाढला, पाऊसही चांगला झाला आणि देशाचे उत्पादन सुमारे २५.६ लाख टनांवरून ४८.७ लाख टनांवर गेले. बोनससह हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये. बाजारभाव त्याच्याही खाली घसरला. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदानासुद्धा पुरेना. आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे बहुतेकांची तूर विकून झाल्यावर. हमीभाव जाहीर होणे आणि हमीभावाने माल विकला जाणे यांत असे अंतर राहिले, तर पुढचा पेरा बाजारभावाकडे पाहूनच ठरतो.

उसाचे गणित वेगळे. त्याचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) कारखान्यांवर बंधनकारक असतो. २०२४–२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये होता. बिल उशिरा मिळेल, पण ऊस रस्त्यावर ओतावा लागणार नाही, एवढा भरवसा पाण्याची ओढ असलेल्या तालुक्यांतही लागवड टिकवून धरतो. शिवाय एकदा लावलेला ऊस खोडव्याने, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून येणाऱ्या फुटव्याने, पुढेही चालतो, त्यामुळे भाव उतरला तरी क्षेत्र लगेच घटत नाही.

हमीभाव खर्चाच्या दीडपट ठेवण्याचे धोरण २०१८–१९ पासून आहे. मात्र या हिशेबात प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड (भाडे) आणि भांडवलावरचे व्याज धरत नाहीत. शेतकरी संघटनांचा वाद नेमका इथे आहे.

निविष्ठांवरील (खते, बियाणे यांसारख्या साधनांवरील) अनुदान खर्च कमी करते, पण सर्व निविष्ठांचा सारखा नाही. नत्र पुरवणाऱ्या युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. स्फुरद-पालाशयुक्त खतांना २०१० पासून पोषणद्रव्यांच्या प्रमाणात ठरावीक अनुदान मिळते, त्यामुळे ती तुलनेने महाग पडतात. साहजिकच नत्राचा हात सैल सुटतो.

पीक काढणीला आल्यावर मागचा खर्च हिशेबाबाहेर जातो. टोमॅटोच्या भावातून तोडणी, क्रेट, गाडीभाडे आणि हमाली-तोलाई निघत असेल, तर तोट्यातही माल बाजारात येतो. तेवढेही निघत नसेल, तर उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरतो. उन्हाळ कांदा चाळीत (हवेशीर साठवण-शेडमध्ये) काही महिने ठेवता येतो, म्हणून त्याची विक्री पुढे ढकलता येते. पण ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, तेव्हा बाजारात होता तो चाळीत न टिकणारा खरिपाचा लाल कांदा.