घरच्या कॉम्प्युटरचं अपडेट बंद का असतं : पार्श्वभूमी

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हापासून जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या घरांतून आणि लहानसहान ऑफिसांतून एकच प्रश्न येतो : मशीन तर व्यवस्थित चालतंय, मग हात कशाला लावायचा? असं विचारणारे अडाणी नाहीत. पासवर्ड कुणाला देऊ नये, ओटीपी सांगू नये, हे आता घरातल्या आजीलाही पाठ आहे. पण अनेक कॉम्प्युटरवर अपडेट कित्येक वर्षं बंदच असतं, आणि मालकाने ते स्वतः बंद केलेलं नसतं. ज्याने मशीन बसवून दिलं, त्यानेच ते बंद करून दिलेलं असतं. तो मुलगा आळशी नव्हता. त्याच्या काळात त्याला तेच शहाणपणाचं वाटत होतं, आणि ते तसं का वाटत होतं, हे समजून घ्यायला वीसेक वर्षं मागे जावं लागतं.

फ्लॉपीतून पसरणाऱ्या व्हायरसांचा काळ इथल्या घरांनी फारसा पाहिलाच नाही. घरात कॉम्प्युटर येऊ लागले ते २००१ नंतर. एमएस-सीआयटी त्याच वर्षी सुरू झाली आणि विंडोज एक्सपीही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बाजारात आली. सरकारी नोकरीसाठी कोर्स हवा, मग पोरांच्या सरावाला घरी मशीन हवं. कापसाचे पैसे आले की असेम्बल्ड कॉम्प्युटर घ्यायचा, हे बऱ्याच घरांत झालं. अस्सल विंडोज वेगळी विकत घ्यायची तर काही हजार रुपये लागत. त्यामुळे मशीनसोबत ‘टाकून’ मिळणारी विंडोज बहुधा एकाच सीडीवरून, एकाच किल्लीने (म्हणजे विंडोज बसवताना लागणाऱ्या एकाच सांकेतिक क्रमांकाने) शेकडो मशीनवर गेलेली असे. घेणाऱ्याला त्यात काही चुकीचं आहे हे कुणी सांगितलंही नव्हतं.

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा, आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम आला. काही उघडावं लागत नव्हतं, कशावर क्लिक करावं लागत नव्हतं. नुसतं इंटरनेट जोडलं की थोड्या वेळात पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती सुरू व्हायची आणि मशीन बंद पडायचं. त्यावरचा पॅच, म्हणजे विंडोजमधलं भगदाड बुजवणारं ठिगळ, महिनाभर आधीच, जुलैमध्ये निघाला होता. या अनुभवातून धडा घेऊन ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे अनेक दुरुस्त्यांचा एकत्र गठ्ठा, आला. त्यात बाहेरून येणारी नको ती जोडणी अडवणारी फायरवॉल आपोआप चालू होत असे आणि अपडेटही चालू ठेवा असा आग्रह होता. पण त्याचं पूर्ण पॅकेज अडीचशे एमबीच्या वर होतं. डायल-अपवर ते उतरवायला पंधरा तासांच्या आसपास लागले असते, तेही फोन अडकवून आणि मध्ये वीज न जाता. २००५ मध्ये ब्रॉडबँड सुरू झालं तरी तालुक्याच्या गावी पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा महिन्याची मर्यादा होती, आणि लोडशेडिंग तर होतंच. दोन ते आठ ही रात्रीची फुकट वेळ ज्यांच्या प्लॅनमध्ये होती, ते ती सिनेमे उतरवायला वापरत. अपडेट बंद करण्याचं पहिलं कारण इतकं साधं होतं.

दुसरं कारण साधं नव्हतं, आणि माझ्या मते आजच्या सवयीचं मूळ तिथेच आहे.

नकली प्रतींना सुरक्षेचे पॅच द्यायचे की नाही, हा विंडोज बनवणाऱ्या कंपनीपुढचा जुना प्रश्न. न द्यावे तर ती लाखो मशीन रोगट राहणार आणि त्यांच्यापासून पैसे भरणाऱ्यांनाही लागण होणार. द्यावे तर विकत घेणारा म्हणणार, मग मी पैसे कशाला भरले? सर्व्हिस पॅकच्या वेळी सर्रास नकली प्रतींवर वापरल्याने बदनाम झालेल्या काही किल्ल्या अडवल्या गेल्या. जुलै २००५ पासून कंपनीच्या संकेतस्थळावरून बहुतेक गोष्टी उतरवण्याआधी विंडोज अस्सल आहे का याची तपासणी सक्तीची झाली. त्यातून सुरक्षेचे पॅच मात्र वगळले होते. ऑटोमॅटिक अपडेटमधून ते नकली प्रतीलाही मिळत राहणार होते. इथपर्यंतचा निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

चूक पुढे झाली. २००६ मध्ये अस्सल-नकली तपासणारा आणि नकली आढळल्यास वरचेवर सूचना दाखवणारा प्रोग्राम त्याच ऑटोमॅटिक अपडेटच्या वाटेने, तातडीच्या पॅचांच्या रांगेत बसवून पाठवला गेला. तो रोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतो हे उघड झाल्यावर अमेरिकेत आरडाओरडा झाला, प्रकरण कोर्टातही गेलं. खानदेशात कोर्टकचेरी झाली नाही. इथे एवढंच झालं, की गिऱ्हाईक मशीन घेऊन दुकानात परत आलं : हा मेसेज काढून द्या. मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे खात्रीचा उपाय एकच होता. विंडोज परत टाकायची आणि ऑटोमॅटिक अपडेट बंद करायचं. जाताना तो बजावून सांगायचा, “अपडेट नको करजो भाऊ, विंडोज उडी जाई.” घरोघरी पोचलेला सुरक्षेचा पहिला सल्ला हा असा उलटा होता.

कंपनीची बाजू खोटी नव्हती. चोरीचा माल ओळखण्याचा हक्क तिला होताच. पण औषध आणि वसुलीची नोटीस एकाच पाकिटातून पाठवली, की लोक पाकीट उघडणंच सोडतात. पॅच वेगळ्या वाटेने आणि तपासणी वेगळ्या वाटेने पाठवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं.

याची किंमत दोन वर्षांनी दिसली. ऑगस्ट २००८ पासून तपासणी टप्प्याटप्प्याने आणखी कडक झाली. नकली एक्सपी प्रोफेशनलवर डेस्कटॉप दर तासाला काळा होऊ लागला, आणि उरल्यासुरल्यांनीही अपडेट बंद केलं. त्याच सुमारास, २३ ऑक्टोबरला, कंपनीने ठरलेल्या तारखेची वाट न पाहता एक अत्यंत तातडीचा पॅच काढला. नोव्हेंबरात त्याच भगदाडातून कॉनफिकर हा ब्लास्टरसारखाच घातक प्रोग्राम शिरला. ज्यांना पॅचची सर्वांत जास्त गरज होती, त्यांनी नेमका तेव्हाच दरवाजा लावून घेतला होता. दोन तारखांचा हा मेळ मला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

डिसेंबर सरता सरता कॉनफिकर पेन ड्राइव्हवरूनही पसरू लागला. इंटरनेट नसलं तरी पेन ड्राइव्ह सगळीकडे होता. कॉलेजच्या लॅबमधून प्रोजेक्ट, डीटीपीवाल्याकडून लग्नपत्रिकेचं प्रूफ, फोटो स्टुडिओतून फोटो, सगळं त्यातूनच फिरे. फोल्डरच्या चित्राआड लपलेल्या ‘डॉट ईएक्सई’ फाइली, म्हणजे उघडताच चालू होणारे प्रोग्राम, तेव्हाच्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होऊ नये, ही सोय एक्सपीला नेहमीच्या अपडेटमधून मिळाली ती फेब्रुवारी २०११ मध्ये. पण अपडेट बंद असलेल्या मशीनला ती मिळणार कशी? कंपनीचा फुकट अँटिव्हायरस २००९ मध्ये आला, तोही विंडोज अस्सल असेल तरच बसायचा. म्हणजे पुन्हा तीच गाठ. विंडोजमध्येच पुरेसा अँटिव्हायरस मिळू लागला तो २०१२ च्या विंडोज ८ पासून.

याच काळात आणखी एक सवय रुजली, आणि ती मला अपडेटपेक्षा घातक वाटते. क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणारा जुगाड, टाकताना अँटिव्हायरस ओरडायचा, आणि शिकवण अशी होती की ‘तो तसंच दाखवतो, पाच मिनिटं बंद कर’. आज व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या, गाडीच्या चलनाच्या किंवा पीएम-किसानच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनवर थेट अॅप बसवणारी फाइल, येते. फोन धोक्याची सूचना देतो, आणि माणूस ती ओलांडून ‘इन्स्टॉल’ दाबतो. असं अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवतं, आणि मग ओटीपी कुणाला न सांगताही खातं रिकामं होतं. इशारा ओलांडायला आपण घराला पंधरा वर्षांपूर्वीच शिकवलं होतं.

एक्सपीची अपडेट ८ एप्रिल २०१४ ला संपली. पण जुन्या मराठी फाँटचं आणि डोंगलवर (मशीनला खोचलेल्या परवान्याच्या खुंटीवर) चालणारं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना, म्हणून अनेक डीटीपीवाल्यांनी आणि हिशेबनिसांनी ती मशीन तशीच ठेवली. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने जगभरातल्या फाइली कुलूपबंद केल्या तेव्हा नव्या विंडोजसाठीचा पॅच १४ मार्चलाच निघालेला होता. एक्सपीसाठी मात्र कंपनीला नियम मोडून घाईघाईने पॅच काढावा लागला. नकली प्रतींनाही वाचवावं लागतं, हे २००५ चं तत्त्व थोड्या वेगळ्या रूपात परत मान्य झालं.

विंडोज १० ने २०१५ मध्ये पारडं दुसऱ्या टोकाला नेलं. होम आवृत्तीत अपडेट कायमचं बंद करायची सोयच ठेवली नाही. जीबीभर डेटा तेव्हा अडीचशे रुपयांच्या घरात होता आणि हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरांत एका रात्रीत पॅक संपे, त्यामुळे ‘मीटर्ड कनेक्शन’चा खटका शोधून काढला गेला : नेट मोजून मिळतं असं विंडोजला सांगायचं, म्हणजे ती अपडेट उतरवणं रोखून धरते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. खटका मात्र बऱ्याच ठिकाणी अजून तसाच आहे.

घरी विंडोज १० असेल तर आधी सेटिंगमध्ये तो खटका चालू तर नाही ना हे पाहावं. ज्यांनी वाढीव मुदतीची नोंदणी केली, त्यांना सुरक्षेचे पॅच ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात आणि ही नोंदणी सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरूनच करता येते. डोंगलवालं एक्सपीचं मशीन ठेवायचंच असेल, तर त्याची इंटरनेटची वायर काढावी आणि त्याच्यावर बँकेचं किंवा जीएसटीचं काम करू नये.