साक्ष (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्तावरील श्रद्धा आणि तिच्यामुळे आपल्या जीवनात झालेला पालट स्वतःच्या शब्दांत व वर्तनातून दुसऱ्यापुढे मांडून त्याला त्या श्रद्धेचा परिचय करून घेण्यास बोलावणे, या आचाराला मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘साक्ष देणे’ म्हणतात. प्रवचन हे धर्मगुरूचे वा पाळकाचे काम मानले जाते. साक्ष मात्र कोणीही देऊ शकतो, कारण तिचा आधार अभ्यास नसून अनुभव असतो. योहानकृत शुभवर्तमानात शंका घेणाऱ्या नथनेलाशी फिलिप्प वाद घालत नाही, ‘येऊन पाहा’ एवढेच म्हणतो.

नव्या करारातील ‘मार्तुस’ हा ग्रीक शब्द मुळात न्यायसभेपुढे पाहिलेले सांगणाऱ्याचा आहे. श्रद्धेपायी प्राण देणाऱ्याला तो पुढे, बहुधा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, लागू झाला. मराठीत या दोन अर्थांसाठी साक्षी आणि हुतात्मा असे निराळे शब्द वापरले जातात. वेदान्तातील साक्षी केवळ द्रष्टा, अलिप्त असतो. ख्रिस्ती साक्षीला अलिप्त राहता येत नाही. त्यामुळे मराठी ख्रिस्ती परिभाषेने हा शब्द दर्शनग्रंथांपेक्षा न्यायदानाच्या व्यवहारातून उचलला असावा, हे अधिक संभवनीय दिसते.

ठाण्याच्या इतिहासात शब्दाचे हे दोन्ही अर्थ चौदाव्या शतकातील एकाच प्रसंगी भेटतात. या भागातील ख्रिस्ती वस्ती त्याहून जुनी असावी. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने उल्लेखिलेले, बिशप असलेले ‘कॅलिआना’ म्हणजे ठाण्याशेजारचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींनी ते दक्षिणेकडे शोधले आहे. चौदाव्या शतकात मात्र खुद्द ठाण्यात नेस्टोरियन (पूर्वेकडील सुरियानी परंपरेचे) ख्रिस्ती राहत होते हे निश्चित असून ओदोरिक या फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातील, प्रवाशाने त्यांची पंधरा घरे नोंदविली आहेत. अशाच एका घरी तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांचा दुभाषा, तिफ्लिसचा (आजचे त्बिलिसी) देमेत्रियस, हे चौघे फ्रान्सिस्कन उतरले होते. ओदोरिकच्या वृत्तान्तानुसार यजमान पती-पत्नींत भांडण होऊन मार खाल्लेल्या पत्नीने काझीकडे दाद मागितली आणि पुरावा विचारल्यावर घरातील या चार परदेशी साधूंचे नाव घेतले. म्हणजे त्यांचे नाव काझीपुढे आले ते एका घरगुती तंट्याचे साक्षीदार म्हणून. तेथे हजर असलेल्या एका अलेक्झांड्रियावासीयाने ते धर्मशास्त्र जाणतात असे सांगितल्याने त्यांना बोलावण्यात आले, आणि प्रश्न तंट्याचे न राहता ख्रिस्ताच्या देवत्वाचे, नंतर इस्लामच्या प्रेषितांविषयीचे झाले. थॉमसने प्रेषितांविषयी दिलेल्या प्रतिकूल उत्तरानंतर त्यांना उन्हात उभे करण्यात आले व पुढे तिघांचा रात्री वध झाला. घरी मागे राहिलेला पीटर नंतर मारला गेला. जेम्स आगीतून दोनदा अक्षत बाहेर आला हा भाग संतचरित्रांच्या परंपरेला धरून असल्याने इतिहासकार तो जपून वापरतात. शिवाय हा सारा वृत्तान्त युरोपीय ख्रिस्ती लेखकांचा आहे, काझीच्या बाजूचा नाही, हेही ध्यानी ठेवावे लागते.

या घटनेच्या वर्षाविषयी मतभेद आहे. परंपरेने ती झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारापूर्वीच्या) गुरुवारी घडली असे मानले जाते. तो गुरुवार १३२१ मध्ये ९ एप्रिलला, तर १३२२ मध्ये १ एप्रिलला येतो, आणि या दोन्ही वर्षांचे उल्लेख आढळतात. परंतु या साधूंबरोबर आलेला व प्रसंगी ठाण्याबाहेर असलेला डोमिनिकन संघाचा साधू जॉर्डानुस याचे या घटनेचा उल्लेख करणारे पत्र १२ ऑक्टोबर १३२१ चे असल्याने १३२१ हेच वर्ष ग्राह्य वाटते. त्यानेच मृतदेह सोपाऱ्यास पुरले. ओदोरिकने पुढे अस्थी चीनमधील झैतून (आजचे च्वानचौ) बंदरी नेल्या. थॉमसच्या भक्तिपरंपरेला रोमने १८९४ मध्ये मान्यता दिली.

१५३४ नंतर या प्रदेशावर पोर्तुगीज अंमल आला. त्या काळातील धर्मांतरांत वैयक्तिक साक्षीचा वाटा किती आणि राजसत्तेच्या वजनाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांकडे आल्यावरही येथील ख्रिस्ती समाज टिकला, हे मात्र राजाश्रयाच्या एकट्या कारणाने उलगडत नाही.

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आल्यावर आणि नवा करार मराठीत छापला जाऊ लागल्यावर साक्षीला लिखित रूप मिळाले. बाबा पदमनजी व पंडिता रमाबाई यांची आत्मकथने याच वळणाची आहेत. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पतीच्या शब्दावर लगेच पाऊल उचलले नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, आणि मधल्या पाच वर्षांत साक्ष ऐकणाऱ्याचा वेळ ऐकणाराच ठरवतो, असे दिसून येते.

आज ठाणे व नवी मुंबईत कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि केरळमधून आलेल्या सुरियानी परंपरेच्या मंडळ्या आहेत. प्रॉटेस्टंट उपासनेत आजारातून उठलेला किंवा नोकरी मिळालेला सभासद उभा राहून साक्ष देतो. घरगुती प्रार्थनासभेत शेजारीही बसलेले असतात. कॅथलिकांत शब्दांपेक्षा वर्तनावर भर अधिक असून पोप सहावे पॉल यांच्या १९७५ च्या प्रबोधनपत्रातही आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, असे म्हटले आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा येतो, असा अर्थ लावला. साक्ष आपल्या व्याख्येप्रमाणे या दुसऱ्या भागात बसते; प्रलोभन किंवा दबाव आला की ती साक्ष राहत नाही, असे चर्चचे आचारनियमही सांगतात.