नायजर त्रिभुज प्रदेशातील खनिज तेल व वायूचे उत्खनन

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया या देशाच्या दक्षिणेस नायजर नदी असंख्य फाट्यांनी गिनीच्या आखाताला मिळते. तेथे पसरलेला खाड्या, दलदल व खारफुटीचा सुमारे ७०,००० चौ. किमी. प्रदेश हा आफ्रिकेतील सर्वांत महत्त्वाच्या तेलक्षेत्रांपैकी एक आहे. राजकीय दृष्ट्या त्यात नायजेरियाची नऊ राज्ये मोडतात. इजॉ, ओगोनी, इत्सेकिरी, उऱ्होबो, इबिबिओ अशा अनेक समाजांची येथे वस्ती असून मासेमारी, शेती आणि पामतेल ही त्यांच्या उपजीविकेची जुनी साधने होत. पोर्ट हारकोर्ट व वॉरी ही तेलउद्योगाची प्रमुख शहरे आणि बॉनी, फॉरकॅडोस, एस्क्रॅव्होस, ब्रास व क्वा इबो ही निर्यातीची मुख्य ठिकाणे आहेत. येथील तेलउद्योगाच्या इतिहासावरून असे दिसते, की जमिनीखालचे तेल वर काढणे हे काम तंत्रज्ञांना फारसे जड गेले नाही. विहिरीच्या तोंडापासून टँकरपर्यंतच्या वाटेवरील पाइपलाइन, करार, कायदे आणि त्या वाटेवर राहणारी माणसे यांच्याशी प्रामाणिकपणे वागणे मात्र उद्योगाला व शासनाला साधले नाही.

या वाटेची लांबी भूरचनेने ठरवली आहे. नायजर नदी सुमारे पाच कोटी वर्षांपासून गाळ आणून समुद्र मागे हटवत आली असून काही ठिकाणी या गाळाची जाडी १० किमी.हून अधिक भरते. त्याचे तीन थर मानले जातात. तळाशी अकाता हा सागरी शेलचा (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा) थर, त्यावर वाळू व शेल यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या पट्ट्यांचा अगबाडा थर आणि सर्वांत वर गोड्या पाण्याने भरलेला बेनिन हा वाळूचा थर आहे. तेल मुख्यतः अगबाडा थरातील वाळूत साठलेले असते. गाळ साचत असतानाच त्यात विभंग (खडक तुटून सरकलेल्या भेगा) पडत गेल्यामुळे हे साठे एका विशाल क्षेत्रात एकवटलेले नाहीत. ते शेकडो लहान-मोठ्या कप्प्यांत विभागलेले आहेत. त्यामुळे विहिरी पुष्कळ, प्रत्येक विहिरीपासून निघणारी नळी वेगळी आणि या नळ्यांचे जाळे खाड्या, शेते व गावे यांमधून गेलेले, अशी येथील उद्योगाची रचना झाली. जमिनीवरील सर्वांत मोठ्या संयुक्त उपक्रमाच्या एकट्याच्या पाइपलाइनींची लांबी एके काळी ६,००० किमी.हून अधिक होती. येथील तेल हलके आणि गंधकाचे प्रमाण अत्यल्प असलेले असल्याने त्याला जगभरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडून मागणी असते. ‘बॉनी लाइट’ हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार आहे.

शेल डार्सी या कंपनीने १९३७ च्या सुमारास येथे शोध सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात खंडित झालेले काम युद्धानंतर पुन्हा हाती घेण्यात आले. ओवेरीजवळ १९५१ मध्ये खोदलेली पहिली खोल विहीर कोरडी निघाली. जानेवारी १९५६ मध्ये सध्याच्या बायेल्सा राज्यातील ओलोइबिरी येथे व्यापारी प्रमाणात तेल लागले आणि १९५८ मध्ये निर्यात सुरू झाली. पहिल्या काळातील उत्पादन दिवसाला जेमतेम ५,००० बॅरलच्या आसपास होते. देशाला १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाले, १९६७–७० या काळात यादवी युद्ध झाले आणि १९७१ मध्ये नायजेरिया ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा सदस्य झाला. यादवी चालू असतानाच, १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने भूगर्भातील सर्व तेल संघराज्याच्या मालकीचे ठरवले. १९७८ च्या भूमिवापर कायद्याने जमिनीवरील स्थानिकांचा परंपरागत हक्कही दुबळा झाला. पुढच्या बहुतेक तंट्यांची मुळे या दोन कायद्यांपर्यंत पोहोचतात.

दलदलीत विहीर खोदण्याची पद्धत खास आहे. रस्ता नसल्याने प्रथम गाळ उपसणाऱ्या ड्रेजरने खाडीपासून विहिरीच्या जागेपर्यंत कालवा खणतात. त्यातून सपाट तळाच्या बार्जवर उभारलेली रिग (विहीर खोदण्याची यंत्रणा) ओढत नेली जाते आणि बार्जच्या टाक्यांत पाणी भरून तिला चिखलाच्या तळावर बसवले जाते. वरच्या थरातील गोडे पाणी दूषित होऊ नये आणि विहिरीच्या भिंती ढासळू नयेत यासाठी केसिंग म्हणजे पोलादी नळ्यांचे अस्तर घालून त्यामागे सिमेंट भरतात. खाली जाताना ड्रिलिंग मड या जड द्रवाचे वजन थरांतील दाबाच्या मानाने वाढवत न्यावे लागते. वजन कमी पडले तर वायू उसळून वर येतो, जास्त झाले तर मड खडकात जिरून जाते. शेल खडकाच्या थरांत दाब एकाएकी वाढत असल्याने येथे या हिशेबाला विशेष महत्त्व आहे. साठ्याची वाळू भुसभुशीत असल्याने तेलाबरोबर वाळू वर येऊन झडपा व नळ्या झिजतात. त्यावर उपाय म्हणून विहिरीच्या तळाशी जाळ्या बसवतात व त्यांभोवती खडीचा भराव करतात. एकाच जागेवरून तिरक्या विहिरी खोदून अनेक कप्पे गाठण्याची पद्धतही रूढ आहे. या सगळ्यांत सर्वाधिक उपेक्षित राहिला तो कालव्यातून उपसलेला गाळ. तो काठावर टाकला, की त्यातील गंधकयुक्त खनिजांचे हवेत आम्ल बनते व आजूबाजूची खारफुटी मरते. शिवाय कालव्यांमुळे खारे पाणी गोड्या पाण्याच्या दलदलीत शिरले. तेलाचा एक थेंबही न सांडता झालेली ही हानी गळतीच्या नोंदींत कोठेही दिसत नाही.

विहिरीवरील मोठे अपघात त्या मानाने थोडे आहेत. किनाऱ्याजवळच्या फुनिवा क्षेत्रात जानेवारी १९८० मध्ये ब्लोआउट म्हणजे विहिरीतून तेल-वायूचा अनियंत्रित उद्रेक होऊन मोठ्या प्रमाणावर तेल समुद्रात व खारफुटीत पसरले. त्याच क्षेत्रात जानेवारी २०१२ मध्ये एका रिगवर वायूचा स्फोट होऊन दोन कामगारांचा मृत्यू झाला आणि आग कित्येक आठवडे धुमसत राहिली. रोजची हानी मात्र नळ्यांमधून होते. जुन्या नळ्या गंजून फुटतात, काही चोरीसाठी फोडल्या जातात आणि काही वेळा असंतोषापोटी उडवल्या जातात. गळतीनंतर कंपनी, नियामक यंत्रणा व गावाचे प्रतिनिधी यांनी मिळून जागेची पाहणी करून कारण ठरवायचे, अशी पद्धत आहे. कारण गंज असेल तर भरपाई मिळते, घातपात ठरल्यास ती नाकारता येते. म्हणजे पाहणीच्या कागदावरचा एक शब्द शेकडो कुटुंबांचे भवितव्य ठरवतो. अशा ठिकाणी पोहोचण्यासाठी लागणारी बोट, उपकरणे आणि नळीची तांत्रिक माहिती बहुधा कंपनीच्याच हाती असते, हा या पद्धतीतील मोठा दोष आहे. बोडो गावातील २००८ च्या दोन गळतींबाबत सांडलेल्या तेलाचे प्रमाण शेल कंपनीने प्रथम फारच कमी दाखवले होते. लंडनमध्ये दावा दाखल झाल्यानंतर २०१५ मध्ये गावाला ५.५ कोटी पौंडांची भरपाई मिळाली. त्यानंतर नायजेरियातील गावकऱ्यांनी परदेशी न्यायालयांकडे जाण्याचा मार्ग अधिक वापरला. नेदर्लंड्समधील हेगच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये शेलविरुद्ध शेतकऱ्यांच्या बाजूने दिलेला निकाल त्याच वाटेवरचा आहे.

ओगोनी प्रदेशाची हकीकत या सर्व इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. ‘मूव्हमेंट फॉर द सर्व्हायव्हल ऑफ द ओगोनी पीपल’ ही संघटना १९९० मध्ये स्थापन झाली. लोकांच्या विरोधामुळे १९९३ मध्ये तेथील उत्पादन थांबले. संघटनेचे नेते व लेखक केन सारो-विवा यांना इतर आठ जणांसह लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिली. त्याविरुद्ध जगभर निषेध झाला आणि नायजेरियाचे राष्ट्रकुलातील सदस्यत्व स्थगित करण्यात आले. उत्पादन थांबले तरी नळ्या तेथेच राहिल्या व गळत राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एका वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात बेंझिन या विषारी द्रव्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळल्याचे नमूद केले आहे. प्रदूषण काही ठिकाणी जमिनीत पाच मीटर खोलपर्यंत गेले होते. प्रदेश पूर्ववत होण्यास २५ ते ३० वर्षे लागतील असा अहवालाचा अंदाज असून प्रारंभीच्या कामासाठी १ अब्ज डॉलरचा निधी सुचवला होता. सफाईचे प्रत्यक्ष काम सुरू होण्यातच अनेक वर्षे गेली. या दिरंगाईला तांत्रिक अडचणींचे कारण पुरेसे नाही.

तेलाबरोबर येणारा नैसर्गिक वायू प्रारंभापासून विहिरींजवळच जाळून टाकला जात असे. तो गोळा करून विकण्याइतकी बाजारपेठ जवळपास नव्हती आणि जाळणे स्वस्त होते. १९७९ च्या कायद्याने वायू पुन्हा भूगर्भात सोडणे बंधनकारक केले व १९८४ नंतर परवानगीविना वायू जाळण्यास मनाई केली. परंतु परवानग्या सहज मिळत गेल्या व दंडही अल्प राहिला. बेनिन शहरातील संघीय उच्च न्यायालयाने २००५ मध्ये वायू जाळणे हा नागरिकांच्या जगण्याच्या व प्रतिष्ठेच्या हक्काचा भंग असल्याचे म्हटले, तरी ज्वाला विझल्या नाहीत. खरा फरक पडला तो बाजारपेठेमुळे. बॉनी बेटावरील द्रवरूप वायूच्या प्रकल्पातून १९९९ मध्ये निर्यात सुरू झाली. पुढे त्याची क्षमता वर्षाला सुमारे २.२ कोटी टनांपर्यंत वाढली आणि २०१९ मध्ये वायू द्रवरूप करणारा सातवा संच उभारण्याचा निर्णय झाला. जाळल्या जाणाऱ्या वायूचे प्रमाण घटले आहे, तथापि वायू सर्वाधिक जाळणाऱ्या देशांच्या यादीत नायजेरिया अजूनही आहे.

जमिनीवरील व उथळ पाण्यातील बहुतेक क्षेत्रे सरकारी तेल कंपनी व विदेशी कंपन्यांच्या संयुक्त मालकीची होती. शेलच्या उपक्रमात सरकारी कंपनीचा वाटा ५५ टक्के, शेलचा ३०, टोटलचा १० व इटालियन एनीच्या उपकंपनीचा ५ टक्के होता. खर्चही याच प्रमाणात वाटून घ्यायचा असल्याने दरवर्षी सरकारला अर्थसंकल्पातून आपला हिस्सा भरावा लागे. तो वर्षानुवर्षे थकत गेला आणि त्यामुळे नव्या विहिरी, नळ्यांची दुरुस्ती व वायू गोळा करणारी यंत्रणा हे सगळेच मागे पडले. सरकारने २०१६ मध्ये ही थकबाकी फेडण्याचा करार केला. याउलट खोल समुद्रातील क्षेत्रांसाठी १९९३ पासून उत्पादन-वाटपाचे करार झाले. त्यांत सर्व खर्च कंपनी करते आणि निघालेल्या तेलातून तो वसूल झाल्यावर उरलेल्याची वाटणी होते. किनाऱ्यापासून सुमारे १२० किमी. अंतरावर, १,००० मी.हून खोल पाण्यातील बोंगा क्षेत्राचे उत्पादन २००५ मध्ये सुरू झाले. त्यापाठोपाठ एर्हा, अगबामी, अक्पो व एगिना ही क्षेत्रे आली. येथे विहिरींची तोंडे समुद्रतळाशी असतात आणि तेल नळ्यांनी वर तरंगत्या उत्पादन-जहाजावर येऊन तेथूनच टँकरमध्ये भरले जाते. विहीर कितीतरी महाग पडते, पण मध्ये गाव नाही, खाडी नाही आणि फोडता येईल अशी लांब नळी नाही. तरीही समुद्र अगदी निर्धोक नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये बोंगा येथे टँकर भरताना सुमारे ४०,००० बॅरल तेल सांडले.

नळ्यांना छिद्रे पाडून होणाऱ्या तेलचोरीचे दोन स्तर आहेत. खाड्यांच्या काठी पिंपांत तेल उकळून डिझेल काढणाऱ्या गावठी भट्ट्या सर्वांना दिसतात. त्यांवर बेरोजगार तरुण जीव धोक्यात घालून राबतात. बार्ज व टँकर भरून तेल बाहेर नेणाऱ्या टोळ्यांमागचे वजनदार लोक मात्र क्वचितच न्यायालयापुढे येतात. २००६ नंतरच्या सशस्त्र उठावात अपहरणे व नळ्यांवरील हल्ले वाढले. राष्ट्राध्यक्ष उमारू यार’अदुआ यांनी २००९ मध्ये शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना माफी व प्रशिक्षण दिल्यावर उठाव ओसरला. २०१६ मध्ये हल्ल्यांची नवी लाट आली आणि फॉरकॅडोसची समुद्राखालील नळी उडवण्यात आली. २००५ च्या सुमारास दिवसाला २५ लाख बॅरलपर्यंत पोहोचलेले उत्पादन २०२२ च्या उत्तरार्धात काही काळ १० लाख बॅरलच्याही खाली घसरले. या अस्थिरतेची झळ भारतीयांनाही बसली. अनेक वर्षे भारत हा नायजेरियन तेलाच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक असून गिनीच्या आखातातील टँकरांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये अक्पो येथे तेलचोरीच्या संशयावरून अडचणीत आलेल्या ‘हिरोइक इडुन’ या टँकरवर १६ भारतीय होते. त्यांना प्रथम विषुववृत्तीय गिनीत व नंतर नायजेरियात अडकून पडावे लागले. त्यांची सुटका मे २०२३ मध्ये झाली.

अनेक वर्षांच्या चर्चेनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये नवा पेट्रोलियम उद्योग कायदा झाला. कंपन्यांनी मागील वर्षाच्या चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम यजमान गावांच्या न्यासाला देणे त्याने बंधनकारक केले. परंतु घातपाताने झालेल्या नुकसानीचा खर्च याच रकमेतून वजा करण्याची तरतूदही त्यात आहे. त्यामुळे चोर बाहेरचा असला तरी शिक्षा गावाला होते, आणि गळतीचे कारण ठरवणाऱ्या त्या जुन्या पाहणीचे महत्त्व आणखी वाढते. विहिरी बंद करून जागा पूर्ववत करण्यासाठी स्वतंत्र निधी बाजूला ठेवण्याची सक्तीही याच कायद्याने केली.

या निधीचा प्रश्न आता तातडीचा झाला आहे, कारण बड्या विदेशी कंपन्या जमिनीवरून निघून चालल्या आहेत. एनीची जमिनीवरील मालमत्ता ओआंडोने व एक्सॉनमोबिलची उथळ पाण्यातील मालमत्ता सेप्लॅटने २०२४ मध्ये घेतली. शेलने आपला जमिनीवरील उपक्रम मार्च २०२५ मध्ये रेनेसाँ या समूहाला विकला. त्याआधी काही महिने शेलने खोल समुद्रातील बोंगा नॉर्थ प्रकल्पात गुंतवणुकीचा निर्णय घेतला होता. स्थानिक कंपन्यांना संधी मिळणे स्वागतार्ह आहे व त्यांनी काही क्षेत्रांचे उत्पादन वाढवूनही दाखवले आहे. तथापि त्यांच्याकडे भांडवल कमी असून हाती आलेल्या विहिरी व नळ्या अनेक दशके जुन्या आहेत. शेलकडून २०१५ मध्ये घेतलेल्या नेम्बे परिसरातील क्षेत्रात, ऐतेओ या नायजेरियन कंपनीच्या एका बंद विहिरीच्या तोंडातून नोव्हेंबर २०२१ मध्ये तेल व वायूचा फवारा सुरू झाला आणि तो थांबवण्यास महिनाभराहून अधिक काळ लागला. विक्रीपूर्वीच्या प्रदूषणाची जबाबदारी विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, याचा निर्णय प्रत्येक व्यवहारात वेगळ्या शर्तींनी होत आहे, आणि त्या शर्ती ठरवणाऱ्या वाटाघाटींत गावांना जागा नाही.