पुस्तकाचा पायगुण

फुटपाथवरून एक जुनं पुस्तक घरी येतं. त्याच आठवड्यात फ्रीज बंद पडतो, मुलाला ताप येतो, ठरलेलं काम फिसकटतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘हे पुस्तक आपल्याला लाभलेलं नाही.’

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ही म्हण आपण रोज वापरतो. तरीही पुस्तकाचा पायगुण मनातून जात नाही. पुस्तकावर ठपका ठेवायचा तर ते घरात असताना किती दिवस बिघडले आणि किती सुरळीत गेले, हे मोजायला हवं. ते येण्याआधीच्या दिवसांचाही तसाच हिशेब हवा. आपल्या लक्षात राहतात ते फक्त पुस्तक आल्यानंतरचे वाईट दिवस. मानसशास्त्रात याला आभासी सहसंबंध म्हणतात.

मात्र दुखणं अंगावर दिसत असेल, तर पुस्तकही तपासावं. जुन्या कागदावरची बुरशी आणि धूळ यांनी शिंका, खोकला, दमा वाढतो. काही पुस्तकांत तर खरोखरचं विष असतं.

२०१९ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, विंटरथर संग्रहालयात, मेलिसा टेडोन १८५७ सालचं गृहसजावटीचं एक पुस्तक दुरुस्त करत होत्या. बांधणीच्या कापडाचा सुंदर हिरवा रंग हात लागताच कणाकणाने सुटत होता. शास्त्रज्ञ रोझी ग्रेबर्न यांच्यासोबत त्यांनी तो तपासला, तेव्हा तो ‘एमराल्ड ग्रीन’ निघाला. हे तांबं आणि आर्सेनिक यांचं संयुग, म्हणजे सोमलाच्याच कुळातलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेत हा रंग भिंतीच्या कागदांना, कपड्यांना, कृत्रिम फुलांनाही लावत. पुढे हेच संयुग ‘पॅरिस ग्रीन’ नावाने कीटकनाशक म्हणून विकलं गेलं.

धोका तेव्हाही कळला होता. मिशिगनचे डॉक्टर रॉबर्ट केड्झी यांनी १८७४ मध्ये असे विषारी भिंतकागद बांधून पुस्तकाच्या शंभर प्रती काढल्या आणि लोकांनी सावध व्हावं म्हणून त्या राज्यातल्या ग्रंथालयांना पाठवल्या. त्या पुस्तकाचीच इतकी भीती बसली की बहुतेक प्रती पुढे नष्ट केल्या गेल्या. मला ही फार धीराची आणि तितकीच अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

प्रत्येक हिरवं पुस्तक विषारी नसतं. पण त्या काळातलं, कापडी बांधणीचं, चकचकीत हिरवं इंग्रजी पुस्तक हाती आलं, तर हातमोजे घाला, ते बंद पिशवीत ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा. थुंकी लावून पान उलटायची सवय इथे घातक ठरू शकते. आणि अपशकुनी वस्तूचं आपण जे करतो, ते तर मुळीच करू नका. जाळलं तर आर्सेनिक धुरात जातं आणि नदीत सोडलं तर पाण्यात.